डूलाच्या वहीतून रिसर्च: शेवटच्या आजारपणातल्या माणसाला विचारायचं कसं, आणि थांबायचं कधी

थेट मुद्द्यावर येते. तुम्ही शेवटच्या आजारपणात घरोघरी जाऊन सोबत करता, रात्री घरी आल्यावर वहीत चार ओळी लिहून ठेवता, आणि आता एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या, डिझर्टेशनसाठी नाहीतर एखादा पेपर लिहायचा म्हणून ती वही उघडून बसलाय, तर ती वही तशीच्या तशी वापरता येणार नाही. ज्या आजींनी तुम्हाला रात्री दोन वाजता सांगितलं की थोरल्या मुलाशी बारा वर्षं बोलले नाही, त्यांनी ते तुम्हाला सांगितलं, तुमच्या गाईडला नाही, कॉन्फरन्समधल्या दोनशे लोकांना तर नाहीच नाही. त्या ओळी सोबतीला बसलेल्या बाईच्या आहेत. रिसर्च करायचा तर नव्याने विचारावं लागतं, वेगळं विचारावं लागतं, आणि समोरच्याला नाही म्हणायला भरपूर जागा ठेवून विचारावं लागतं. ते कसं करायचं ते खाली लिहितेय, मी सांगली भागात आठ-नऊ वर्षं घरी जाऊन सोबतीचं काम करते आणि त्यातली दोन वर्षं एका अभ्यासासाठी मुलाखती घेतल्या, त्यात जे शिकले आणि जिथे चुकले ते सगळं आहे यात.

डूला हा शब्द आपल्याकडे अजून फारसा रुळलेला नाही. मूळ ग्रीक, आधी बाळंतपणात बाईसोबत राहणाऱ्या बाईसाठी वापरायला लागले, नंतर २००० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये मरणाच्या वेळी सोबत करणाऱ्यांसाठी तोच शब्द घेतला. डूला औषध देत नाही, ड्रेसिंग करत नाही, उशाशी बसते, ऐकते, तोंड कोरडं पडलं तर ओला कापूस फिरवते, घरच्यांना दोन तास झोपू देते. आपल्याकडे हे काम बहुतेक पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणाऱ्या सेवेचे, व्हॉलंटियर करतात. मुंबईत बांद्र्याला शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे, देशातलं पहिलं हॉस्पिस ते, म्हणजे शेवटच्या आजारातल्या माणसांची काळजी घेणारी जागा, पुण्यात वारज्याला सिप्लाचं सेंटर १९९७ पासून आहे. पण आपल्यावर नर्सिंग कौन्सिलसारखं कोणी बसलेलं नाही. नर्सने काही चुकीचं केलं तर तक्रार करायला जागा आहे, डूलाविरुद्ध कुठे जाणार तो मुलगा किंवा ती सून? म्हणून हे सगळं आपल्यालाच जास्त कडक पाळावं लागतं असं माझं पक्कं मत आहे.

कमिटीचं पत्र आधी

पहिली पायरी इथिक्स कमिटी, म्हणजे अभ्यासात कोणाला इजा किंवा अन्याय होणार नाही ना हे तपासून परवानगी देणारी कमिटी. "मी तर नुसतं बोलणार आहे, इंजेक्शन थोडीच देणार आहे" असं बऱ्याच जणी म्हणतात. पण आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत, माणसांवरच्या बायोमेडिकल आणि आरोग्य संशोधनासाठी, त्यात नुसत्या मुलाखतींचा अभ्याससुद्धा धरलाय, आणि बरा न होणारा आजार असलेल्यांना व्हल्नरेबल गटात टाकलंय, म्हणजे ज्यांची जास्त काळजी घ्यायची असे लोक. बोलण्यानेही माणूस दुखावतो, आणि ज्याच्याकडे तीन आठवडे उरलेत त्याचा एक तास घेणं ही छोटी गोष्ट नाही.

कॉलेजात असाल तर कॉलेजची कमिटी असते. एकट्याच काम करत असाल तर जवळच्या मेडिकल कॉलेजच्या किंवा समाजकार्याच्या संस्थेच्या कमिटीकडे जा, तिथल्या एखाद्या प्राध्यापकांना किंवा पॅलिएटिव्हच्या डॉक्टरांना सोबत घ्या, एकटीने अर्ज टाकण्यापेक्षा ते फार सोपं पडतं. कमिटीत सात ते पंधरा लोक असतात, अध्यक्ष त्या संस्थेच्या बाहेरचा असावा लागतो, आणि डॉक्टरांशिवाय एक वकील, एक समाजशास्त्राकडचं माणूस आणि एक साधा सामान्य माणूस असतो. तो सामान्य माणूस मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आमच्या वेळी त्यांनीच विचारलं होतं की मुलाखत चालू असताना पेशंटला शी-शू लागली तर तुम्ही काय करणार, बाहेर जाणार की मदत करणार? आम्ही कोणीच तो विचार केला नव्हता, आणि घरी जाऊन काम करणाऱ्यांना तर तो रोजचा प्रश्न. आम्ही मग प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे अभ्यास कसा करणार त्या लेखी आराखड्यात, लिहिलं की रेकॉर्डिंग बंद, मदत करायची, आणि त्या दिवशी मुलाखत परत सुरू करायची नाही.

अर्जात अभ्यास कशासाठी, कोणाला विचारणार, प्रश्न काय, माहितीपत्रक आणि संमतीपत्र मराठीत, त्रास झाला तर काय करणार, रेकॉर्डिंग कुठे ठेवणार, हे सगळं लागतं. प्रश्न मराठीत तयार करून द्या, इंग्रजीत लिहून ऐनवेळी घरात बसून भाषांतर करू नका. आणि पत्र हातात पडेपर्यंत एकही प्रश्न रिसर्च म्हणून विचारायचा नाही. आधी मुलाखती घ्यायच्या आणि नंतर परवानगी काढायची, असं होत नाही.

दोन पिशव्या

आता सगळ्यात अवघड भाग. तुम्ही त्या घरात आधीपासून जाताय. तुम्ही आजोबांची नखं कापलीत, सूनबाईला रडताना धरलंय. अशा घरात तुम्ही फॉर्म काढून "माझ्या अभ्यासात भाग घ्याल का" म्हणालात तर ते काय म्हणणार? "तुम्ही एवढं केलंत आमच्यासाठी, तुम्हाला नाही कसं म्हणू." ही संमती नाही, ही परतफेड आहे.

म्हणून शक्य असेल तिथे स्वतःच्या घरांमधून लोक घेऊच नका. दोघी-तिघी मिळून काम करत असाल तर घरं बदलून घ्या, मी तुझ्या घरी विचारायला जाते तू माझ्या, म्हणजे समोरच्याला नाही म्हणताना आपल्या माणसाला दुखावल्यासारखं वाटत नाही. आणि विचारून आल्यावर हो म्हणाले का नाही म्हणाले हे सोबत करणारीला सांगायचंही नाही, तिचं वागणं तसूभरही बदलायला नको.

मी आणखी एक करते, त्याचा मला फार उपयोग झाला. सोबतीला जाते तेव्हा माझ्याकडे कापडी पिशवी असते, त्यात खोबरेल तेल, कापूस, ग्लिसरीन, एक छोटा टॉवेल. रिसर्चला जाते तेव्हा निळी फाईल असते आणि पिशवी घरी. घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवते की निळी फाईल बाहेर असेल तेवढंच बोलणं अभ्यासात जाईल, फाईल बंद झाली की जे बोलाल ते आपल्यातच. एक काकू तर बोलता बोलता मध्येच फाईलीकडे हात करून "ती मिटा आधी" म्हणायच्या आणि मग पुढचं सांगायच्या. ते पुढचं मी कुठेही लिहिलेलं नाही.

फाईल बंद असताना ऐकलेलं कितीही मोलाचं वाटलं तरी सोडून द्यायचं. फारच वाटलं तर दुसऱ्या दिवशी विचारा, "काल तुम्ही जे म्हणालात ते अभ्यासात घेतलं तर चालेल का", आणि उत्तर यायला वेळ लागला तर तेच उत्तर समजा.

नाही कसं ऐकायचं

आपल्याकडे तोंडावर नाही म्हणणं लोकांना जड जातं, त्यातून समोर शिकलेली बाई फॉर्म घेऊन बसली असेल तर आणखीच. ऐकायची सवय लावून घ्या. "बघू", "तुम्ही म्हणाल तसं", "यांना विचारून सांगते", "आता काय बोलायचं राहिलंय", "घ्या लिहून काय लिहायचं ते", आणि नुसतं चहाचं विचारायला उठणं, हे सगळं माझ्या अनुभवात 'नाही'च असतं. "तुम्ही म्हणाल तसं" हे तर सगळ्यात पक्कं 'नाही'. यावर सह्या घेऊन अभ्यास करणारे मी पाहिलेत आणि ते मला पटत नाही.

विचारताना मी साधारण असं म्हणते, घरातल्या भाषेत:

"आजी, मी आज सेवेला नाही आले, एका अभ्यासासाठी आलेय. आजारपणात घरी राहणाऱ्या माणसाला कसली सोबत बरी वाटते आणि कसली नको वाटते, हे मला समजून घ्यायचंय. तुम्ही बोललात तर मी फोनवर आवाज रेकॉर्ड करेन. याने तुमचं दुखणं कमी होणार नाही, औषधात काही फरक पडणार नाही, झाला तर पुढे दुसऱ्या कोणाला उपयोग होईल. नाही म्हणालात तरी आपली सुनीता मंगळवारी येणारच आहे, डॉक्टरही येणारच आहेत, त्यात काही बदलणार नाही. आत्ता हो म्हणून उद्या नको वाटलं तरी चालेल, कारण विचारणार नाही. आत्ता उत्तर देऊच नका, मी परवा येते." (सुनीता हे नाव बदललेलं आहे.)

त्यातलं "याने तुमचं दुखणं कमी होणार नाही" हे वाक्य गाळायचा मोह होतो, गाळू नका. घरी कोणी फाईल घेऊन आलं की लोकांना वाटतं नवीन उपचार आला, आता काहीतरी होईल. ती आशा आपल्या गप्प बसण्यातून तयार झाली तर ती फसवणूकच.

"आत्ता उत्तर देऊच नका" हेही खरंच पाळा. पण शेवटच्या दिवसांत दोन आठवडे थांबणं शक्य नसतं, एक-दोन दिवस द्या, मध्ये फोन करू नका. सही येत नसेल तर अंगठा घ्या आणि सोबत त्रयस्थ साक्षीदार, म्हणजे तुमच्या टीममधला नसलेला, आणि फॉर्म वाचून दाखवताना साक्षीदाराने तो स्वतः ऐकलेला पाहिजे. शेजारच्या काकू चालतात, पण शेजारच्या काकूंना आजाराचं नाव कळलेलं घरच्यांना चालणार आहे का हे आधी विचारा, याचा मला एकदा फार मनस्ताप झालाय. पैशांचं म्हणाल तर कोणाला तुमच्याकडे बोलावलंत तर जाण्यायेण्याचा खर्च, बुडालेली मजुरी द्या, घरी जात असाल तर पाकीट नको. चहा दिला तर घ्या.

"तिला माहीत नाहीये"

हा भाग बाहेरच्या देशातल्या गाईडलाईनमध्ये फारसा सापडत नाही आणि आपल्याकडे दर तिसऱ्या घरात समोर येतो. दारातच मुलगा बाजूला घेतो, हळू आवाजात, "मॅडम, आईला माहीत नाहीये हां. गाठ आहे, गोळ्यांनी विरघळेल असं सांगितलंय." आणि तुमच्या हातातल्या माहितीपत्रकावर ठळक अक्षरात छापलेलं असतं, मरणासन्न रुग्णांचे अनुभव.

तर पहिलं म्हणजे ते शीर्षक बदला, खोटं न बोलता बदलता येतं. "मोठ्या आजारपणात घरी मिळणारी सोबत" हे पूर्ण खरं आहे. कमिटीला दोन्ही शीर्षकं दाखवून मंजूर करून घ्या, घरात वेगळं आणि पेपरमध्ये वेगळं का, ते कारण लिहून.

दुसरं म्हणजे निदान सांगणं हे आपलं काम नाही. आपण डॉक्टर नाही, आणि रिसर्चसाठी कोणाला तो धक्का देण्याचा हक्क आपल्याला कोणी दिलेला नाही. पण खोटं बोलायचंही नाही. त्या बाईंनी तुम्हालाच विचारलं, "खरं सांग, मी बरी होणार ना?" तर मी फाईल मिटते, आणि म्हणते, "तुम्हाला काय वाटतंय, काकू?" बहुतेक वेळा त्यांना सगळं माहीत असतं. एका काकूंनी मला सांगितलं होतं, "त्याला सांगू नका मला कळलंय ते, तो खचेल." आई मुलाला सांभाळतेय, मुलगा आईला सांभाळतोय, मध्ये आपण फॉर्म घेऊन उभे.

अशा घरात मला जे योग्य वाटतं ते असं, की डॉक्टरांना सांगायचं, घरात बोलणं अडलंय, तुम्ही दोघांना एकत्र बसवून बघा, आणि ते होईपर्यंत त्या पेशंटला अभ्यासात घ्यायचं नाही. नाही झालं तर नाही घ्यायचं. एखादीला आजाराबद्दल जेवढं कळलंय तेवढ्यावर तिची मुलाखत घेता येते असं म्हणणारेही आहेत, सोबतीबद्दलच विचारायचं, आजाराबद्दल नाही, आणि कमिटीने तसं मंजूर केलं तर ते चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. मी मात्र घेतलं नाही. माझ्या प्रश्नांमध्ये पुढच्या दिवसांबद्दल होतं, आणि जिला पुढचे दिवस किती ते सांगितलेलं नाही तिला त्याबद्दल विचारणं मला जमलं नाही. आणि हो, घरच्यांनी परवानगी दिली म्हणून पेशंटची परवानगी मिळाली असं कधी होत नाही, पेशंट शुद्धीत असेल, बोलू शकत असेल तर हो त्याच्याच तोंडून आलं पाहिजे.

आज समजतंय का, हे रोज बघायचं

सोमवारी दिलेली संमती गुरुवारी असेलच असं नाही. लिव्हर गेलेल्या पेशंटला सकाळी सगळं कळत असतं आणि दुपारी तो बायकोला बहीण समजत असतो. म्हणून प्रत्येक वेळी नव्याने, थोडक्यात विचारायचं, याला प्रोसेस कन्सेंट म्हणतात. त्यांच्याकडूनच परत वदवून घ्या: "मी कशासाठी आलेय सांगाल का? नको वाटलं तर काय करायचं?" हे दोन सांगता आले तर पुढे जा. "तुम्ही औषध द्यायला आलात" असं म्हणाले तर फाईल मिटा, पिशवी नसली तरी दहा मिनिटं हात धरून बसा आणि या.

वेळ त्यांची. मॉर्फिनचा, म्हणजे तीव्र दुखण्यावरच्या औषधाचा, डोस कधी असतो ते घरच्यांना विचारा, डोस देऊन दुखणं उतरलेलं असतं आणि गुंगी नसते अशी तासाभराची खिडकी बहुतेकांची ठरलेली असते, पण तीच वेळ नातवाशी बोलायची असते, देवाचं ऐकायची असते. आधी विचारा की ही वेळ कोणाची आहे. वीस मिनिटांच्या वर मी जात नाही. डोळे मिटायला लागले, उत्तरं एका शब्दावर आली, हात चादरीशी चाळा करायला लागला की थांबायचं. प्रश्न राहिले तर राहू देत.

आणि ज्यांना आता बोलताच येत नाही त्यांच्या वतीने कोण बोलणार? यावर आपल्याकडे सगळ्यांना आठवणारी केस म्हणजे मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या नर्स अरुणा शानबाग. १९७३ पासून त्या बोलू शकत नव्हत्या, त्यांना इच्छामरण द्यावं म्हणून एका पत्रकाराने याचिका केली, आणि २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की इतकी वर्षं ज्यांनी रोज सांभाळलं ते हॉस्पिटलचे लोकच त्यांच्या सगळ्यात जवळचे. मला त्यातून रिसर्चपुरतं एवढंच घ्यावंसं वाटतं, की थोरला मुलगा पुण्याहून रविवारी येतो म्हणून त्यालाच विचारायचं असं नसतं, रोज अंग पुसणारी सून काय म्हणते तेही विचारायचं. कायद्याने सही ज्याची लागेल त्याची घ्याच, पण सून मान हलवत असेल तर थांबा. आणि ज्या प्रश्नाचं उत्तर बोलू शकणारा पेशंट देऊ शकतो, त्यासाठी बेशुद्ध पेशंटला अभ्यासात ओढायचंच कशाला.

प्रश्न कसे

"मरणाची भीती वाटते का?" हा प्रश्न काढून टाका. त्यात मरणही तुम्हीच घातलं आणि भीतीही तुम्हीच. "सध्या दिवस कसा जातो?", "रात्री जाग आली तर काय करता?", "कोण आलेलं बरं वाटतं, कोण आलं की दमायला होतं?" यातून माणूस त्याला पाहिजे तिथे स्वतः जातो, किंवा जात नाही.

आणि डोक्यात आधीपासून साचा घेऊन जाऊ नका. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी शिकागोच्या हॉस्पिटलमध्ये मरणाच्या दारातल्या पेशंटना बोलतं केलं, १९६९ मध्ये त्यांचे पाच टप्पे जगासमोर आले, नाकारणं, राग, घासाघीस, उदासी, स्वीकार. त्यांनी त्या काळात या लोकांचं ऐकलं हीच केवढी मोठी गोष्ट होती. पण पुढे लोकांनी त्याचा जिना करून टाकला, आणि आपल्या व्हॉलंटियर मुलीसुद्धा वहीत "आजोबा सध्या रागाच्या टप्प्यात" असं लिहितात. आजोबा रागावलेत कारण चार दिवस पोट साफ झालेलं नाही. तेवढंच लिहा. लंडनच्या सिसली साँडर्स, ज्यांनी १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केलं, त्या पेशंटचं बोलणं टेप करून ऐकायच्या, आणि त्या ऐकण्यातूनच दुखण्यात शरीर, मन, घर, पैसा, देव सगळं मिसळलेलं असतं ही टोटल पेनची कल्पना आली. आधी ऐकणं, नाव नंतर.

बोलता बोलता जमिनीचा विषय निघाला, शेत कोणाला, दागिने कोणाला, तर रेकॉर्डिंग लगेच बंद. तुमच्या फोनमधला तो आवाज उद्या भावाभावांच्या भांडणात कोणी मागू शकतं आणि कोर्टातही जाऊ शकतो. "आजोबा, हे वकिलांशी बोलू या" एवढंच म्हणायचं. लिव्हिंग विल, म्हणजे पुढे बोलता आलं नाही तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं, याबद्दल विचारलं तर तेही मुलाखत संपल्यावर. सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या निकालाने ते आपल्याकडे मान्य झालं, २०२३ मध्ये कोर्टाने पद्धत सोपी केली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसरसमोर करता येतं, ही माहिती द्या पण करा किंवा करू नका हे तुम्ही सांगू नका.

"मला सोडवा आता"

हे वाक्य कधीतरी ऐकायला मिळणारच, म्हणून पहिल्या मुलाखतीच्या आधी कागदावर लिहून ठेवा की तेव्हा काय करणार. माझ्या फाईलच्या आतल्या बाजूला चिकटवलेलं आहे: रेकॉर्डिंग बंद. गप्प बस. "फार त्रास होतोय का" विचार. दुखणं शून्य ते दहामध्ये किती ते विचार. सात-आठ म्हणाले तर डॉक्टरांना तिथूनच फोन. कारण बऱ्याचदा ते मरण मागत नसतात, दुखणं थांबवायला सांगत असतात, आणि मॉर्फिनचा डोस वाढवला की दुसऱ्या दिवशी तोच माणूस शिरा मागतो. दुखण्यापलीकडचं काही असेल, स्वतःला काही करून घ्यायचं बोलत असतील, तर घरच्या माणसाला आणि डॉक्टरांना सांगावंच लागतं, टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, घरच्यांनाही तो लिहून द्या. आणि असं काही ऐकलं किंवा पेशंटला कोणी मारतंय, उपाशी ठेवतंय असं दिसलं तर मी ते गुपित ठेवू शकणार नाही, हे संमती घेतानाच सांगून ठेवायचं, नंतर सांगितलं तर तो विश्वासघात वाटतो.

आवाज, फोटो आणि नाव

फोनवर रेकॉर्ड करत असाल तर आधी ऑटो बॅकअप बंद करा, नाहीतर आजींचा आवाज आपोआप गूगल ड्राईव्हवर जातो आणि तो फोन घरात मुलं पण वापरतात. त्याच दिवशी पासवर्डवाल्या ड्राईव्हवर घ्या, फोनमधून काढा, ट्रॅशमधूनही काढा. फाईलला नाव नको, नंबर द्या, आणि कोणता नंबर कोणाचा ती यादी वेगळ्या जागी, कागदावर, कुलुपात. आवाजाचं टायपिंग करून देणारी फुकटची ॲप्स निघालीत, त्यात टाकू नका, तो आवाज कुठे जाऊन पडतो ते आपल्या हातात राहत नाही. हाताने टाईप करा, वेळ लागतो, लागू दे, ऐकताना दुसऱ्यांदा कळतं बरंच.

फोटो तर नकोच. "चेहरा नाही, फक्त हात" असं म्हणून फोटो काढतात, पण हातावरचं गोंदण, ती विशिष्ट पाटली, वाकडं बोट, गावातलं कोणीही ओळखतं.

आणि इथेच मी चुकले होते. एका ट्रेनिंगमध्ये मी एका निवृत्त गुरुजींची गोष्ट सांगितली. नाव बदललं, गाव सांगितलं नाही. पण ते शेवटपर्यंत अंथरुणात पडून पोरांच्या पाढ्यांच्या वह्या तपासायचे, लाल पेनने, हे सांगितलं, कारण मला तेच फार हृद्य वाटलं होतं. मागच्या रांगेत त्यांचा भाचा बसला होता. तो नंतर येऊन काही रागावला नाही, म्हणाला, "मामांना आवडलं नसतं, त्यांना त्यांचं आजारपण कोणाला दाखवायचं नव्हतं." मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं. नाव बदलणं म्हणजे ओळख लपवणं नव्हे, जी गोष्ट तुम्हाला सगळ्यात जास्त भिडते तीच त्या माणसाची ओळख असते, आणि म्हणून तीच आधी बदलावी किंवा गाळावी लागते. तेव्हापासून मी लिहिलेलं प्रत्येक पान एकदा भाचा मागच्या रांगेत बसलाय असं समजून वाचते.

लिहिलेलं परत वाचून दाखवायचं असेल तर आठवड्याच्या आत दाखवा, सगळ्या मुलाखती झाल्यावर सहा महिन्यांनी परत जाऊ असं या कामात चालत नाही.

गेल्यानंतर

संमती घेतानाच एक प्रश्न विचारा, जो मी सुरुवातीला विचारत नव्हते: "तुमच्या माघारी या रेकॉर्डिंगचं कोणाला विचारायचं?" २०२३ च्या डेटा प्रोटेक्शनच्या कायद्यातही अशी सोय आहे, आपल्या पश्चात आपल्या माहितीचे हक्क कोणी बजावायचे ते माणूस नेमून ठेवू शकतो. फॉर्ममध्ये एक ओळ टाका, नाव आणि नातं. लोक फार विचार करून नाव देतात, आणि ते नाव बऱ्याचदा घरच्यांना अपेक्षित नसतं.

घरच्यांच्या मुलाखती घ्यायच्या असतील तर दहाव्या-तेराव्याला अजिबात नाही, तेव्हा घर भरलेलं असतं आणि माणूस स्वतःत नसतो. तुम्ही गेलात तर सोबतीण म्हणून जा, पिशवी घेऊन. निदान तीन महिने जाऊ द्या, आणि पहिली दिवाळी, त्यांचा वाढदिवस, वर्षश्राद्ध हे दिवस चुकवा. मुस्लिम घरात नवरा गेलेल्या बाईची इद्दत चार महिने दहा दिवस असते, तोवर जाऊ नका. विचारायला आधी फोन नको, चिठ्ठी किंवा ओळखीच्या व्हॉलंटियरकडून निरोप, म्हणजे उत्तर न देऊन नाही म्हणता येतं.

अभ्यास संपला की एका पानावर साध्या मराठीत काय कळलं ते लिहून ज्यांना पाहिजे त्यांना नेऊन द्या. मी पानं घेऊन गेले तेव्हा एका आजींनी माघारी विचारायला नेमलेली त्यांची नात घरी होती, कॉलेजात जाणारी. तिने पान वाचलं, मग म्हणाली, आजीचा आवाज ऐकायचाय. मी लॅपटॉपवर लावला. सोळा मिनिटं ती ऐकत होती, मध्ये आजी खोकल्या तेव्हा तिने पाण्याचा तांब्या उचलला आणि परत ठेवला. संपल्यावर म्हणाली, मला एक कॉपी द्या, आणि तुमच्याकडचं काढून टाका, अभ्यासातूनपण. पेपर तोवर पाठवलेला नव्हता. तिच्यासमोर फाईल डिलीट केली, घरी जाऊन ड्राईव्हवरची केली, आणि पेपरमध्ये १२ च्या जागी ११ सहभागी असं लिहिलं.